बिरोबिजान स्टेशनाची पाटी : साधनचिकित्सा

रशियाच्या अतिपूर्व टोंकास असलेल्या बिरोबिजानाविषयीं जीं प्रवासवर्णनें व माहितीपत्रकें पाहण्यांत येतात, त्यांतील बहुतेकांचा आरंभ एकाच चित्रानें होतो : सैबेरियाच्या महारेल्वेवरील स्टेशन व त्यावर रशियन आणि यिद्दिश अशा दोन लिपींत लिहिलेलें गांवाचें नांव. पाटी खरी आहे. परंतु तीवरून ही जुनी यहुदी वस्ती असावी, असें जें अनुमान वाचकाच्या गळीं उतरविलें जातें, तें कालक्रमाच्या कसोटीस उतरत नाहीं.

अमूर रेल्वेचें काम १९०७ ते १९१६ पर्यंत चाललें. येथील मूळचें स्टेशन तिखोन्काया, म्हणजे ‘शांत’, या रशियन नांवाचें. हा मुलूख यहुदी वसाहतीस राखून ठेवण्याचा ठराव २८ मार्च १९२८ चा. स्वायत्त प्रांताची स्थापना ७ मे १९३४ ची. बिरोबिजान हें नांवही यिद्दिश नव्हे; बिरा व बिजान या दोन नद्यांच्या नांवांची ती जोड आहे. १९३९ च्या खानेसुमारींत प्रांतांतील यहुद्यांची संख्या १७,६९५, म्हणजे शेंकडा सुमारें सोळा. २०१० मध्यें ती शेंकडा एकावर आली. पाटीवर दोन्ही लिपी शेजारीं नांदतात, म्हणून लोकवस्तीही तशीच असेल असें मानण्यास आधार नाहीं.

याच मार्गावरील इन् स्टेशनाच्या वस्तीस, यहुदी वसाहतीच्या सरकारी समितीचे अध्यक्ष स्मिदोविच् यांचें नांव मिळालें. स्टेशन मात्र इन् च राहिलें. दोन नांवें पाहून दोन गांवें कल्पूं नयेत.

संग्राहकांस खरें उपयोगी साधन लेखनपद्धतीचें आहे. यिद्दिश ही जर्मन वळणाची भाषा, पण लिपि हिब्रू. त्या लिपींत पांच अक्षरांस शब्दान्तीं निराळें रूप असतें. सोव्हिएत सुधारकांनीं १९३० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत हीं अन्त्य रूपें काढून टाकिलीं. हिब्रू मूळचे शब्दही ते उच्चाराप्रमाणें लिहूं लागले : ‘एमेस्’ (सत्य) हा शब्द परंपरेनें तीन अक्षरांचा, तो चार अक्षरांचा झाला. बिरोबिजान या नांवाचें शेवटचें अक्षर ‘नून्’. तें साध्या रूपांत छापलेलें आढळल्यास कागद सुधारणेनंतरच्या सोव्हिएत वळणाचा समजावा. उलट अन्त्य रूप आढळल्यास निर्णय होत नाहीं, कारण तें पुढें पुन्हा रूढ झालें. मोडीच्या वळणावरून काल ठरविणाऱ्या आमच्या वाचकांस ही एकतर्फी कसोटी अपरिचित वाटूं नये.

१९३० मध्यें निघालेलें ‘बिरोबिजानेर श्टेर्न’ हें वृत्तपत्र येथील मुख्य साधन होय. पण तें सत्तेचें मुखपत्र. त्यांतील स्तुति दरबारी अखबाराप्रमाणेंच वाचावी. तारखा, नांवें व नेमणुका यांपुरतें त्यावर विसंबतां येईल. त्याच्या विधानांची पडताळणी ज्या यिद्दिश पुस्तकांवरून झाली असती, त्यांपैकीं पुष्कळ १९४८ नंतरच्या छळांत ग्रंथालयांतून काढून जाळण्यांत आलीं. यिद्दिश नाट्यगृहही १९४९ त बंद झालें. म्हणून एखाद्या गोष्टीचा कागद आज सांपडत नाहीं एवढ्यावरून ती घडलीच नाहीं, असें या गांवाविषयीं म्हणणें धाडसाचें होईल. या काळचीं चोपडीं, नाटकाचीं हस्तपत्रकें वा शाळेचीं पुस्तकें कोणाच्या संग्रहीं आलीं, तर मलपृष्ठें टाकूं नयेत व बांधणींत कडा छाटूं नयेत. मुद्रणस्थळ व साल बहुधा तेथेंच असतें.