स्वराज्य फंडाचे तिकीट : ‘संयुक्त मानापमान’चा जमाखर्च

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत झालेल्या ‘संयुक्त मानापमान’विषयी मराठी नाट्यरसिकाला नव्याने काही सांगावे लागत नाही. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी संस्था त्या रात्री एकत्र आल्या. बालगंधर्व भामिनी झाले, केशवराव भोसले धैर्यधर झाले, आणि उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला गेले. आठवणींच्या पुस्तकांतून, शताब्दीच्या लेखांतून आणि जुन्या रसिकांच्या गप्पांतून हा प्रयोग शंभर वर्षे सांगितला जातो आहे. या सांगण्याचा विषय मात्र बहुधा एकच असतो : त्या रात्री बाजी कोणी मारली? ज्या कारणासाठी प्रयोग झाला तो फंड या कथनात मखरासारखा मागे उभा असतो. प्रस्तुत लेखात तो पुढे आणून एक साधा प्रश्न विचारायचा आहे. राजकीय निधीसाठी होणाऱ्या गाण्याला जाणारा माणूस नेमके काय मोजतो आणि त्याला, तसेच त्या कार्याला, काय मिळते?

आधी रुपयांचा हिशेब पाहू. लोकमान्यांच्या निधनानंतर त्यांच्या नावाने उभारलेल्या या फंडासाठी बेझवाड्याच्या बैठकीत काँग्रेसने १ कोटी रुपयांचे लक्ष्य ठेवले होते. मुदत ३० जून १९२१ ची होती, म्हणजे नाटकाचा पडदा उघडला तेव्हा ती उलटून आठ दिवस झाले होते. दर नेहमीच्या कितीतरी पट वर गेले होते, आणि शंभर रुपयांच्या तिकिटाची गोष्ट नाट्यस्मृतीत अजून सांगितली जाते. अगदी सढळ हाताने धरून चालू की शंभराची एक हजार तिकिटे खपली. तरी रक्कम १ लाख होते, म्हणजे लक्ष्याचा शंभरावा हिस्सा. प्रत्यक्षात सगळे दर शंभराचे नव्हते, त्यामुळे आकडा याहून बराच खालीच राहणार. स्वराज्य फंड ‘संयुक्त मानापमान’ने भरला असे कोणी म्हणू शकणार नाही.

आता हाच हिशेब दुसऱ्या बाजूने मांडू. बेझवाड्याच्याच कार्यक्रमात कोटी रुपयांबरोबर कोटी सभासदही नोंदवायचे होते, आणि सभासदत्वाची वर्गणी चार आणे होती. एका शंभरी तिकिटात चारशे सभासद मावतात. राजकारणाने एकाच वेळी दोन प्रकारचे दान मागितले होते : गिरणीतल्या माणसाकडून चार आणे आणि सही, आणि पेढीवरच्या माणसाकडून मोठी रक्कम. पहिल्याच्या हाती सभासदत्वाची पावती आली आणि दुसऱ्याला बालगंधर्व व केशवराव ऐकायला मिळाले. दरवाढीने नेहमीचा पिटातला प्रेक्षक त्या रात्री बहुतांशी बाहेर राहिला असणार. वर्षभर आणे साठवून नाटक पाहणारा, पदे पाठ असणारा आणि कोणती तान नवी पडली हे ओळखणारा तो प्रेक्षक. निधीच्या प्रयोगाचा हा पहिला खर्च, आणि तो कोणत्याच वहीत लिहिला जात नाही.

इथे नाटकाच्या संहितेकडे वळावे लागते. ‘मानापमान’ खाडिलकरांचे आहे, ‘केसरी’च्या संपादकाचे आणि टिळकांच्या अनुयायाचे. त्यांच्या ‘कीचकवधा’वर सरकारने १९१० साली बंदी घातली. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘मानापमाना’त उघड राजकारण नाही, पण पैशाविषयीचा राग भरपूर आहे. श्रीमंत घरातली भामिनी गरीब म्हणून शूर धैर्यधराचा अपमान करते. पुढे साध्या वेषात वनमाला होऊन त्याच्याजवळ गेल्यावर तिला माणसाची किंमत कळते. धनवान पण भित्रा लक्ष्मीधर हसण्याचा विषय होतो. संपत्तीच्या मानाला काडीची किंमत नाही, असे सांगणारे हे नाटक त्या रात्री संपत्तीवान प्रेक्षकांनी चढे दर देऊन पाहिले. या विसंगतीवर आजवर फारसे कोणी थांबलेले दिसत नाही. मला ती टीकेपेक्षा अर्थाच्या बाजूने महत्त्वाची वाटते. भामिनीने उंची वस्त्रे उतरवून वनमाला व्हायचे आणि समोरच्या शेटजीने खिसा उतरवायचा, असा करार संहितेनेच जणू देऊन ठेवला होता. फरक इतकाच की भामिनीचे परिवर्तन तिसऱ्या प्रहरानंतरही टिकते. प्रेक्षकाचे टिकते की नाही हे नाटकाबाहेरच ठरते.

नाटकाबाहेरची परीक्षा फार लांब नव्हती. तेवीस दिवसांनी, ३१ जुलैला, परळला गांधींच्या उपस्थितीत विदेशी कापडाची मोठी होळी झाली. तिकीट घेणे आणि कपडा आगीत टाकणे या दोन्ही क्रिया एकाच चळवळीच्या, त्याच महिन्याच्या. पण होळीत टाकलेल्या कपड्याच्या बदल्यात काही हाती येत नाही, उलट दुसऱ्या दिवशी काय नेसायचे हा प्रश्न उरतो. तिकिटाच्या बदल्यात आयुष्यभर सांगत बसावी अशी रात्र मिळते. म्हणून तिकीट हे त्यागाचे माप म्हणून कच्चे आहे. त्याचे मोल त्यागात शोधू नये, असे मला वाटते.

मग ते कशात शोधावे? माझ्या मते दोन गोष्टींत. पहिली अशी की जे बाजाराला जमत नव्हते ते या कारणाने जमले. दोन मंडळ्या, दोन मालक-नट, दोन गायकींचे दोन कट्टर पक्ष. धंद्याच्या हिशेबाने त्यांनी एका रंगमंचावर उभे राहण्याचे कारण नव्हते, कारण हरणाऱ्याची पत जाणार होती. फंडाने दोघांनाही पत न गमावता एकत्र येण्याची सबब दिली. पुढे ४ ऑक्टोबर १९२१ ला केशवराव वारले. कारण राजकीय नसते तर हा संयोग कदाचित घडलाच नसता. राजकारणाने कलेकडून घेतले तितकेच तिला दिलेही. दुसरी गोष्ट नावाची. परक्या सरकारच्या राज्यात ‘स्वराज्य’ हा शब्द छापलेल्या कार्यक्रमाला चारचौघांत जाऊन बसणे ही उपस्थितीची नोंद होती. व्यापाऱ्याने गुपचूप दिलेल्या देणगीला ते वजन नसते.

या दोन कसोट्या पुढच्या उदाहरणांना लावून पाहता येतात. १९५४ साली सुधीर फडके यांच्या पुढाकाराने पुण्यात हिराबागेच्या मैदानावर लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम झाला, दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिलढ्याला निधी मिळावा म्हणून. त्याच वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्ये पोर्तुगीज अंमल तिथून उठला, आणि मोहिमेत स्वतः फडके सामील होते. रंगमंच आणि रणभूमी यांतले अंतर इथे जवळपास उरले नाही. ज्याने गाण्याची जुळवाजुळव केली तोच पुढे चालत गेला. श्रोत्याने दिलेल्या पैशाला एवढे जवळचे, एवढे लवकरचे उत्तर क्वचित मिळते.

१९७१ च्या न्यूयॉर्कमध्ये याच्या उलट घडले. पूर्व बंगालमधून भारतात आलेल्या निर्वासितांची संख्या वाढत असताना रविशंकर यांनी जॉर्ज हॅरिसनला गळ घातली आणि १ ऑगस्टला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एकाच दिवशी दोन कार्यक्रम झाले. सुमारे ४० हजार श्रोते आले. तिकिटांचे सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफकडे गेले. ध्वनिमुद्रिकेचे मोठे उत्पन्न मात्र करखात्याच्या कचाट्यात वर्षानुवर्षे अडकले. पैशाच्या कसोटीवर हा दोष गंभीर आहे, कारण भूक मुदत देत नाही. नावाच्या कसोटीवर मात्र निकाल वेगळा लागतो. अमेरिकेचे सरकार पाकिस्तानच्या पाठीशी असताना, भारताने मान्यता देण्याच्याही चार महिने आधी, ‘बांगला देश’ हे नाव त्या शहराच्या तोंडी बसले. मदतीचा म्हणून जाहीर झालेला कार्यक्रम त्या एका नावाने राजकीय ठरला.

त्याच दिवसाची एक गोष्ट सर्वश्रुत आहे. रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखा यांनी वाद्ये जुळवली, आणि सभागृहाने त्यावरच टाळ्यांचा कडकडाट केला. रविशंकरांनी तो हसत परतवला. हा किस्सा पाश्चात्त्यांच्या अज्ञानाचा नमुना म्हणून सांगितला जातो. मला त्यात निधीच्या मैफलीची खरी दुखरी नस दिसते. कारण चांगले आहे म्हणून आलेला श्रोता काहीही ऐकायला आणि कशालाही दाद द्यायला तयार असतो. त्याने निवड दारावरच सोडलेली असते. हा दुसरा खर्च, आणि पहिल्याहून तो कलावंताला अधिक महाग पडतो, कारण खोटी दाद त्याला काहीच शिकवत नाही.

आपल्या तमाशातली दौलतजादा या बाबतीत रोखठोक होती. अदा आवडली तर पैसा, आणि तोही त्याच क्षणी. शाहिराची झोळीसुद्धा पोवाडा ऐकवून झाल्यावर फिरते. ऐकणारा गाणे आणि कारण, दोन्ही तोलून हात खिशात घालतो. तिकिटाने हा क्रम उलटला. पैसे आधी आणि ऐकणे नंतर, त्यामुळे तोलणे कुठेच उरत नाही. आजही पूरग्रस्तांसाठी, आंदोलनासाठी किंवा उमेदवारासाठी झालेल्या मैफलीवर परीक्षण लिहायची वेळ आली की समीक्षक हात आखडतो. ‘कार्य चांगले होते’ एवढ्यावर लेख संपतो.

म्हणूनच ‘संयुक्त मानापमान’विषयीची ती जुनी तक्रार, की लोकांना फंड आठवत नाही, फक्त ताना आठवतात, मला अर्धीच पटते. फंड विसरला गेला हे स्मरणाचे अपयश खरेच. पण त्या रात्रीच्या श्रोत्यांनी स्वराज्यासाठी चढे दर मोजूनही कान दारावर ठेवले नाहीत. कोणते पद कोणी कसे म्हटले यावर ते घरी जाताना भांडले, आणि त्यांची मुले-नातवंडे अजून भांडत आहेत. निधीला दिलेले पैसे आणि गाण्याला दिलेली दाद यांच्या वह्या त्यांनी वेगळ्या ठेवल्या. राजकीय मैफलीला जाणाऱ्याने आणि तिच्यावर लिहिणाऱ्यानेही तेवढे करावे. पैसे कुठे पोहोचले हे आयोजकाला विचारावे, आणि सूर लागला की नाही हे गायकाला सांगावे. दोन्ही प्रश्न विचारता येतील अशी मैफल असेल, तर तिकिटाचा दर कितीही असो, तिथे जायला हरकत नाही.