उंची मोजणारी प्रवासवर्णने

मराठी प्रवासवर्णनकार युरोपात गेला की चर्चच्या दारात हमखास दिपून जातो. जर्मनीतील कोलोनचेच पाहा. ऱ्हाइन नदीकाठचे भव्य कॅथीड्रल, त्याचे सुमारे १५७ मीटर उंचीचे जोडमनोरे, तीन राजांच्या अस्थींची सुवर्णमंजूषा. एवढे लिहून झाले, की लेखणी पुढच्या शहराकडे वळते. 'मध्ययुगीन श्रद्धेचा आविष्कार' हा शेरा तर ठरलेलाच.

आमचा आक्षेप या शेऱ्याला आहे, कारण तो अर्धाच खरा आहे. कोलोनच्या मंदिराची पायाभरणी १२४८ साली झाली हे खरे. पण सोळाव्या शतकात काम थांबले आणि अर्धवट मनोऱ्यावरची लाकडी यारी पिढ्यान्‌पिढ्या तशीच उभी राहिली. काम पुन्हा सुरू झाले ते १८४२ साली. कोनशिला बसवणारा प्रशियाचा राजा प्रॉटेस्टंट होता आणि वर्गणी जमवणाऱ्या संस्थेत शहरातील सामान्य नागरिक होते. मनोरे पूर्ण झाले १८८० साली. म्हणजे ज्या मनोऱ्यांपुढे आपला प्रवासी 'मध्ययुग, मध्ययुग' म्हणत हात जोडतो, ते आगगाडीच्या काळातले आहेत! त्याच शहरातील बारा रोमनेस्क चर्चे मात्र खरोखर जुनी. दुसऱ्या महायुद्धातील बाँबवर्षावात ती उद्‌ध्वस्त झाली आणि पुढे कित्येक वर्षे दगडावर दगड रचून पुन्हा उभारली गेली. उंचीच्या मोजपट्टीत ती बसत नाहीत, म्हणून बहुधा वर्णनातही बसत नाहीत.

हीच मोजपट्टी घेऊन आपले लेखक नागपूरला परततात, आणि मग येथे त्यांना पाहण्यासारखे काही उरत नाही. 'नागपूर दर्शन' थाटाच्या लेखांत सीताबर्डीचा किल्ला येतो, दीक्षाभूमी येते, तलाव येतात, ते यावेतच. चर्चसाठी फार तर एक ओळ असते, तीही 'इंग्रजकालीन वास्तू' एवढीच. पण सदर भागातील ऑल सेंट्स चर्च १८५१ सालचे आहे. तेव्हा नागपूरचे भोसल्यांचे राज्य अजून खालसा झालेले नव्हते, आणि कोलोनचे मनोरे पूर्ण व्हायला तब्बल २९ वर्षे अवकाश होता. वयाचीच मातब्बरी असेल, तर येथे थांबायला काय हरकत होती?

आणि वयापेक्षा मोठी गोष्ट पुढेच आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी याच मंदिरात सहा निरनिराळ्या चर्चसंस्था एकत्र येऊन 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झाले. आपण कॅथलिक त्या ऐक्यात सामील नव्हतो. तरीही, ख्रिस्ती ऐक्याचा विषय दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आपल्या अंगणात आणून ठेवल्यानंतर अवघ्या पाचच वर्षांनी आपल्याच शहरात घडलेली ही घटना आपल्या किती घरांत ठाऊक आहे?

आपल्या कॅथीड्रलची कथा तर नावातच दडली आहे. संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाचे मिशनरी सॅव्हॉय प्रांतातील आनसीहून निघून १८४६ साली विशाखापट्टणमला उतरले. नागपूर त्यांच्याच कार्यक्षेत्रात होते. १८८७ साली येथे स्वतंत्र धर्मप्रांत झाला, १९५३ साली महाधर्मप्रांत. आल्प्सच्या पायथ्याच्या गावातून एक नाव विदर्भाच्या उन्हात येते आणि शाळा, महाविद्यालय, मंदिर यांवर स्थिरावते, हा प्रवास कोणत्याही प्रवासवर्णनाहून कमी रोचक नाही. शिवाय हा संत लेखकांचा आश्रयदाता. १९२३ साली पोप अकरावे पायस यांनी तसे घोषित केले. लेखकमंडळी नेमकी त्याच्याच दारावरून पुढे जातात, याची गंमत वाटते.

दोष केवळ प्रवाशांचा नाही. आपल्या पॅरिशच्या महोत्सवी स्मरणिका उघडाव्यात. धर्मगुरूंची क्रमवार नामावली, देणगीदारांची छायाचित्रे, नव्या फरशीचा खर्च. भिंती कोणी रचल्या, पहिली कुटुंबे कोठून आली, मिस्सा लॅटिनमधून लोकभाषेत आली तेव्हा म्हाताऱ्यांना काय वाटले, याविषयी बहुधा अक्षर नसते. सांगू शकणारी माणसे रविवारी मागच्या बाकांवर बसलेली असतात. पुढची स्मरणिका छापखान्यात जाण्यापूर्वी संपादकांनी वही घेऊन त्यांच्याकडे जावे.