पांझरेकांठचे फड आणि त्यांच्या काळाचा प्रश्न

खानदेशांतील पांझरा व शेजारच्या बागलाणांतील मोसम, आरम या नद्यांवरील जुन्या बंधाऱ्यांचा विषय निघाला म्हणजे ते मुसलमानी अमदानींतले, हें वाक्य ठरलेलें असतें. खानदेशांत फारूकी घराण्याचें राज्य १६०१ पर्यंत होतें; तेव्हां हें म्हणणें अशक्य नाहीं. परंतु त्यावरून फडपद्धतीचाही काळ ठरला असें जें गृहीत धरण्यांत येतें, तें आम्हांस मान्य नाहीं.

बंधारा म्हणजे फड नव्हे. बंधारा दगडचुन्याचा, तो पुरानें फुटतो व पुन्हां बांधला जातो. आज दिसणारा चुना शेवटच्या डागडुजीचा साक्षी असूं शकेल, पहिल्या बांधणीचा असेलच असें नाहीं. फडाचें खरें शरीर मातीचें आहे. बंधाऱ्यापासून उतार धरून गेलेला पाट, त्यांतून फुटलेल्या चाऱ्या, जास्तीचें पाणी नदीस परत नेणारे सांडवे, आणि या सर्वांनीं आंखलेलें थळ. थळाचे बहुधा चार फड. एका फडांत एका हंगामीं एकच पीक, व तें पीक फडाफडांतून फिरावयाचें. पाणी कमी पडलें तर एखादा फड पडीक ठेवावयाचा. शेतकऱ्याची जमीन शक्य तों निरनिराळ्या फडांत असल्यामुळें टंचाई एकट्यादुकट्याच्या माथीं येत नाहीं. शेतागणिक कुंपणही नको. राखणीस जागल्या, पाणी देण्यास पाटकरी. हा हिशेब कोणा सुभेदारानें एका फर्मानानें बसविला असेल, हें आमचें मन घेत नाहीं. पण मनाचा कौल पुरावा नव्हे, हेंही आम्ही जाणतों.

पुरावा मातींतच शोधला पाहिजे. दरसाल पाटांतून उपसलेला गाळ कांठावर थराथरांनीं साचतो. त्याचा छेद घेऊन खापरें तपासणें अवघड नाहीं. पुणें जिल्ह्यांत इनामगांवीं १९६८ सालीं सुरू झालेल्या उत्खननांत ताम्रपाषाणयुगीन बांध व पाट ओळखले गेले, ते कांहीं शिलालेखाच्या आधारानें नव्हे.

इंग्लंडांत डार्टमूरवरील ग्रिम्सपाउंड हें कांस्ययुगीन वस्तीचें आवार संरक्षित आहे. आमच्या १९५८ च्या केंद्रीय कायद्यांत प्राचीन स्मारकाची व्याख्या करतांना इमारत, लेणें, शिल्प, शिलालेख इत्यादिकांचीं नांवें आलीं. पाट व शेत यांचें नांव मात्र नाहीं. पाट सपाट करून त्यावर नांगर फिरला, तर थर गेले. तत्पूर्वीं निदान एका थळाचा पाट मुळापासून शेवटच्या सांडव्यापर्यंत मोजून नकाशावर घ्यावा, आणि मग फारूकींचें नांव घ्यावें.