‘झिंगाट’ची कोणती आवृत्ती खरी धरायची?

‘झिंगाट’ आता पुरे, असं म्हणणाऱ्यांत मीही आहे. नगर जिल्ह्यात उन्हाळ्यात दोन लग्नं केली तरी ते चारदा कानावर पडतंच. पण गाण्याच्या आवृत्त्या शोधायचा सराव करायचा असेल, तर असं वाजून वाजून चोथा झालेलं गाणं उत्तम. मूळ चाल पाठ असल्यामुळे यंत्र कुठे चुकलं ते कानाला लगेच कळतं.

‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ला आला. दिग्दर्शक नागराज मंजुळे नगरच्या न्यू आर्ट्स, कॉमर्स अँड सायन्स कॉलेजात संज्ञापन शिकले, म्हणून आपल्याकडे या गाण्याचा जरा जास्तच अभिमान. गाण्याचं नाव टाकून शोधलं की दोन आवृत्त्या चटकन सापडतात: कन्नड ‘मनसु मल्लिगे’मधली (२०१७) आणि हिंदी ‘धडक’मधली (२०१८). दोन्हींचं संगीत पुन्हा अजय-अतुल यांचंच. माझ्या मते यांत शोधण्यासारखं फारसं नाही. हिंदीत ठेका तोच, धांदल तीच, फक्त गावाकडची बोली गेली आणि तिच्याबरोबर गाण्यातली अर्धी मस्तीही गेली.

मग खऱ्या आवृत्त्या कुठे आहेत? बँडच्या क्लॅरिनेटवर, बँजो पार्टीत, वरातीत. त्यांच्या व्हिडिओवर गाण्याचं नावच नसतं. असतं ते ‘हळदी डान्स’ किंवा नुसतं नवरा-नवरीचं नाव. म्हणजे नावावरून शोध संपला. आता आवाजावरून शोधायचं.

इथे बरेच जण पहिली चूक करतात. ‘शझाम’सारखं अ‍ॅप आवाजातल्या ठळक बिंदूंची ठेवण ओळखतं, ही पद्धत एव्हरी वांग यांनी २००३ मध्ये मांडली. ते तेच रेकॉर्डिंग गोंगाटातही पकडतं, पण तीच चाल दुसऱ्या कोणी वाजवली की हात टेकतं. आवृत्तीसाठी ‘क्रोमा’ वापरतात: सगळी सप्तकं एकत्र गोळा करून प्रत्येक क्षणी बारा स्वरांपैकी कुठला किती वाजतोय ते मोजायचं. बँडने पट्टी बदलली तर तो तक्ता बारा वेळा सरकवून पाहायचा. लय वेगळी असली तर ठोक्यांप्रमाणे तुकडे करायचे; एलिस आणि पॉलिनर यांनी २००७ मध्ये हेच केलं. क्लॅरिनेटवरचं ‘झिंगाट’ यात सापडायला हवं.

पण पारनेरकडच्या एका वरातीत मी जे रेकॉर्ड केलं, त्याचं काय करायचं? जनरेटर बंद पडला, डीजे गप्प झाला. हलगीवाल्याने शब्दांच्या वजनावर ठेका धरला आणि पोरं बेसूर ओरडत नाचायला लागली. हलगीला चाल वाजवता येत नाही, चाल होती ती पोरांच्या तोंडात, आणि त्यातल्या दोघांचाही सूर एक नव्हता. क्रोमाच्या तक्त्यात नुसता चिखल. तिथल्या आजीबाईंना मात्र गाणं कोणतं ते पहिल्या फटक्यात कळलं.

माझा आक्षेप इथे आहे. आवृत्ती म्हणजे तीच चाल, असं आपण आधी ठरवतो, मग चाल मोजणारं यंत्र बांधतो आणि हलगीवाला यादीत आला नाही की म्हणतो, ती आवृत्तीच नाही. ज्याच्याकडे सुराचं वाद्य आणि स्टुडिओ, तो आपोआप कलाकार ठरतो. हलगीवाला ‘गोंगाट’ या रकान्यात जातो. प्रपोजल लिहिताना व्याख्येचा परिच्छेद आपण कुठल्या तरी पेपरातून उचलतो ना, तिथेच हे घडतं. (मीही उचलला होता.)

माझ्या यादीत त्या रेकॉर्डिंगपुढे मी ‘आवृत्ती’ असं लिहिलं. सर म्हणाले, सिद्ध कर. सध्या स्वर बाजूला ठेवून दोन फटक्यांमधली अंतरं मोजतोय आणि मूळ गाण्यातल्या शब्दांच्या लयीशी ताडून बघतोय. पहिल्या कडव्यापर्यंत जुळतंय. पुढे हलगीवाल्याने स्वतःचंच काहीतरी सुरू केलंय.