पाळी की पाली?

बारामती-इंदापुरात नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याची पाळी आली की मोबाइलवर निरोप फिरतात. रोमन अक्षरांतून मराठी टंकणाऱ्याला ‘पाळी’ की ‘पाली’ हे कीबोर्डच्या अंदाजावर सोडावं लागतं. हेलीबोर्ड या मुक्तस्रोत कीबोर्डमधली इनस्क्रिप्टच्या वळणाची मराठी मांडणी तो अंदाजच काढून टाकते: स्वर डाव्या अंगठ्याला, व्यंजनं बहुतेक उजव्याला. हा कीबोर्ड इंटरनेटची परवानगीही मागत नाही.

उणिवा आहेत. संगणकासाठी आखलेली मांडणी फोनवर दाटीवाटीने बसते. बोट सरकवून लिहायचं तर बंदिस्त लायब्ररी वेगळी जोडावी लागते. सुरुवातीला वेगही मंदावतो. पण ‘ल’ की ‘ळ’ हे यंत्राने नव्हे, लिहिणाऱ्याने ठरवायचं असेल, तर एवढा सराव परवडतो.