आधी कोणी थांबायचं?

चार गाड्या एकमेकींचा रस्ता अडवून उभ्या आहेत. कोळशाची गाडी पुढे सरकू शकत नाही, कारण तिच्या वाटेत डाकगाडीची शेपटी आहे. डाकगाडीला तेलाच्या टँकरांनी अडवलंय, टँकरांना रिकाम्या वाघिणींनी, आणि त्या वाघिणी पुन्हा कोळशाच्या गाडीमागे खोळंबल्यात. चूक कुणाचीच नाही. प्रत्येक गाडीनं नियम पाळलाय. सगळे सिग्नल लाल आहेत आणि ते लालच असायला हवेत.

‘ओपनटीटीडी’ खेळलेल्या माणसाला हे चित्र नवं नाही. ख्रिस सॉयरचा ‘ट्रान्सपोर्ट टायकून’ १९९४मध्ये आला, त्याची ‘डिलक्स’ आवृत्ती पुढच्या वर्षी. लुडविग स्ट्रिगियसनं त्या आवृत्तीवरून हा मुक्तस्रोत खेळ उभा केला आणि २००४मध्ये लोकांपुढे ठेवला. वरवर पाहता खाणी, कारखाने आणि शहरं रुळांनी जोडून पैसे कमावण्याचा हा खेळ. पण वीसेक गाड्या झाल्या की पैसा मागे पडतो आणि सगळं लक्ष जंक्शनवर खिळतं. माझ्या लेखी हा थांबण्याविषयीचा खेळ आहे, आणि त्याचं मोठेपण आणि खोटेपण दोन्ही तिथेच सापडतं.

यात गाडी कुणी चालवत नाही. ‘खाणीतून कोळसा भर, वीज केंद्रात उतरव’ एवढीच आज्ञा द्यायची. वाट गाडी स्वतः शोधते. प्रत्येक फाट्यावर ती शक्य त्या वाटांची किंमत काढते. एक चौकोन ओलांडायची एक किंमत. चढ असेल तर मूळ मांडणीत त्यावर आणखी दोन चौकोनांची भर. पुढचा पहिलाच सिग्नल लाल असेल तर दहा चौकोनांची. म्हणजे सरळ वाट लाल आहे आणि बाजूची वाट सात चौकोनांनी लांब, तर गाडी वळसा घेते. बाजूची वाट बारा चौकोनांनी लांब असेल, तर ती लाल सिग्नलपाशी उभी राहणं पत्करते. थांबण्याला ठरावीक भाव लावलाय आणि त्या भावावर अख्खी वाहतूक चालते.

हे बघताना गाड्यांना अक्कल आहे असं वाटत राहतं. पण ही अक्कल रिक्षावाल्याची आहे. पुढे कोंडी दिसली की तो गल्लीत घुसतो. मागच्या दहा रिक्षांनाही तीच गल्ली दिसलेली असते, आणि पाच मिनिटांत गल्लीही तुंबते. प्रत्येकाचा हिशेब बरोबर, सगळ्यांची मिळून बेरीज चुकीची. खेळातली गाडी फक्त आपल्या वाटेचा विचार करते. आपण इथे उभे राहिलो तर मागचीचं काय होईल, हा प्रश्न तिच्या हिशेबात नाही.

तो प्रश्न सिग्नलांवर सोपवलेला आहे. मूळ खेळातले सिग्नल साधे होते. दोन सिग्नलांमधला रूळ म्हणजे एक खण, आणि एका खणात एकच गाडी. मोकळ्या मार्गावर हे उत्तम चालतं, जंक्शनवर नाही. अख्खं जंक्शन एकच खण केलं, तर एकमेकींना स्पर्शही न करणाऱ्या दोन गाड्या उगाच एकमेकींसाठी थांबतात. म्हणून मध्ये सिग्नल घालून त्याचे तुकडे केले, तर गाडी निम्मं जंक्शन ओलांडून मधेच उभी राहते आणि सुरुवातीचं चित्र तयार होतं.

आमच्या धंद्यात याला डेडलॉक म्हणतात. एडवर्ड कॉफमन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७१मध्ये त्याच्या चार अटी मांडल्या, त्या अभियांत्रिकीच्या परीक्षेत पाठ करून लिहिल्या होत्या. एक वस्तू एका वेळी एकाच्याच ताब्यात असते. हातातलं न सोडता प्रत्येक जण पुढचं मागतो. कुणाकडून काही हिसकावून घेता येत नाही. आणि वाट पाहणाऱ्यांचं वर्तुळ पूर्ण होतं. या चारांपैकी एक जरी मोडली तरी कोंडी होत नाही. परीक्षेत हे लिहून मी मोकळा झालो. कळलं मात्र या खेळात.

२००९मध्ये खेळात आलेले ‘पाथ सिग्नल’ यातली दुसरी अट मोडतात. आता गाडी एकेक खण मागत नाही. ज्या सिग्नलपाशी उभी आहे तिथून पुढच्या सुरक्षित थांब्यापर्यंतची सगळी वाट एकदम मागते. मिळाली तर पूर्ण, नाहीतर काहीच नाही. दोन वाटा एकमेकींना छेदत नसतील तर दोन्ही गाड्या एकाच वेळी जंक्शनमधून जातात. राखून ठेवलेले रूळ पडद्यावर गडद दिसतात, आणि गर्दीच्या जंक्शनवर ती गडद रेघ पुढे उमटत आणि मागे पुसत जाताना बघणं हा निव्वळ आनंद आहे.

तरीही कोंडी होतेच, आणि मला खेळाची खरी कमाई इथे दिसते. जंक्शन संपताच लगेच सिग्नल ठोकला आणि त्यापुढच्या सिग्नलपर्यंत तीनच डब्यांची जागा ठेवली, तर बारा डब्यांची गाडी प्रामाणिकपणे त्या पुढच्या सिग्नलपाशी जाऊन उभी राहते. तिची शेपटी जंक्शनमध्येच राहते. तिला थांबायची परवानगी आपणच दिलेली असते. शेवटी नियम उरतो तो असा: जिथे गाडी उभी राहिलेली चालेल, तिथेच सिग्नल लावायचा. सिग्नल म्हणजे ‘जा’ किंवा ‘जाऊ नको’ अशी आज्ञा, असं आपण धरून चालतो. खेळ शिकवतो की सिग्नल ही थांबण्याची जागा आहे. हे तो सूचना देऊन शिकवत नाही, तुंबवून शिकवतो.

आता खोटेपण. अडकलेल्या गाडीला खेळात मागे फिरवता येतं, आणि फिरताना इंजिन क्षणात दुसऱ्या टोकाला जातं. डेटाबेसमध्ये दोन व्यवहार अडकले की त्यातला एक रद्द करून पहिल्यापासून सुरू करतात, तशीच ही सोय. खऱ्या रुळांवर इंजिन सोडवून, बाजूच्या मार्गानं फिरवून मागे जोडावं लागतं, आणि त्यासाठी मोकळा रूळ लागतो, जो कोंडीत नसतोच. दुसरं अधिक गंभीर. इथे सगळ्या गाड्या सारख्या आहेत. जिनं वाट आधी राखली ती आधी जाते. मुरलेले खेळाडू सिग्नलांच्या युक्त्या करून मुख्य मार्गाला अग्रक्रम देतात, पण तो मार्गाला मिळतो, गाडीला नाही. डाकगाडी आधी आणि कोळसा मागून, हे सांगायला जागाच नाही.

खऱ्या रेल्वेत नेमका हाच प्रश्न मोठा आहे. तिथे गाडी वाट शोधत नाही, तिला वाट दिली जाते. एकेरी मार्गावरून कोकणात गेलेल्या कुणालाही हे ठाऊक आहे. लहानशा स्टेशनावर गाडी थांबते, ‘क्रॉसिंग आहे’ असं कुणीतरी म्हणतं, लोक फलाटावर पाय मोकळे करतात आणि समोरची गाडी धडधडत निघून जाते. आपण थांबलो, कारण आपण थांबावं असं कुणीतरी ठरवलं.

‘मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटर’ (२००१) आणि त्याच्या फायली वापरणारा मुक्तस्रोत ‘ओपन रेल्स’ या बाजूनं सुरुवात करतात. संगणकाच्या गाड्या इथे आखून दिलेल्या वाटेनं जातात. आपल्यापुढे लाल सिग्नल आला तर टॅबची कळ दाबून नियंत्रकाकडे परवानगी मागायची. ‘ओपन रेल्स’च्या वेळापत्रकात ‘अमक्या गाडीसाठी थांब’ असं लिहिता येतं, आणि ती गाडी ठरावीक मिनिटांहून जास्त उशिरा असेल तर थांबू नकोस, असंही. ही रचना खऱ्या रेल्वेच्या जवळची आहे, पण तिच्यात सगळी अक्कल लेखकाची. त्यानं जो उशीर कल्पिला नव्हता तो झाला, की थांबायचं की जायचं हे ठरवणारं तिथे कुणी उरत नाही.

या दोन टोकांच्या मधली जागा मला ‘सिमसिग’मध्ये दिसली. ब्रिटिश सिग्नल केंद्रांचं हे सिम्युलेशन दिसायला अगदी रुक्ष आहे. काळ्या पडद्यावर रेघा आणि गाड्यांचे क्रमांक, बस. काही केंद्रांमध्ये यंत्रच वेळापत्रक पाहून गाड्यांना वाट देतं, आणि ते चुकतंय असं वाटलं की त्याच्याकडून काम काढून घेऊन आपण स्वतः वाट लावायची. पण मग झालेला उशीरही आपलाच.

सुरुवातीची कोंडी मी दोन सिग्नल उपटून आणि कोळशाची गाडी मागे फिरवून सोडवली. डाकगाडी आधी गेली. कोळसा उशिरा पोचला, तेवढं उत्पन्न घटलं. ते पैसे का गेले, हे खेळाच्या हिशेबात कुठेच दिसत नाही.