वेडाची व्याख्या आणि विनयाचा निवाडा

अपसामान्य मानसशास्त्राचे कोणतेही पाठ्यपुस्तक उघडले, की पहिल्याच प्रकरणात चार निकष आढळतात: बहुसंख्यांहून वेगळे वर्तन, व्यक्तीला होणारा तीव्र मनस्ताप, दैनंदिन जीवनात येणारी अक्षमता आणि स्वतःला वा इतरांना असणारा धोका. विद्यार्थी हे निकष पाठ करतो, परीक्षेत लिहितो आणि पुढील प्रकरणाकडे वळतो. यांपैकी पहिला निकष कोणी ठरविला आणि 'बहुसंख्य' म्हणजे नेमके कोण, हे तो सहसा विचारीत नाही. ज्या समाजाला शतकानुशतके मनुष्यत्वाच्या व्याख्येबाहेर ठेवण्यात आले, त्या समाजातील वाचकाला मात्र हा प्रश्न टाळता येत नाही.

या विषयावर आपल्या लोकांत दोन मते ऐकू येतात. पहिले असे, की मानसिक आजार ही प्रस्थापितांनी दुर्बलांच्या कपाळी मारलेली मोहोर आहे, त्यात सत्य काही नाही. दुसरे असे, की तथागतांनी सर्वच पृथग्जनांना मनाचे रोगी मानले आहे, म्हणून ध्यान करावे, वैद्याची गरज नाही. दोन्ही मते धम्माच्या नावाने मांडली जातात. आमच्या मते पहिले अर्धसत्य आहे आणि दुसरे घातक आहे.

प्रथम पहिल्या मतातील सत्याचा अर्धा भाग पाहू. 1851 साली अमेरिकेच्या लुईझियाना राज्यातील सॅम्युअल कार्टराइट या वैद्याने 'ड्रेपेटोमेनिया' नावाचा एक मनोविकार वैद्यकीय नियतकालिकात मांडला. मालकाच्या मळ्यातून पळून जाण्याची गुलामाची इच्छा, हे त्या विकाराचे लक्षण होते. गुलामाला अधीन ठेवणे हा प्रतिबंध आणि चाबूक हा त्यावरील उपचार. स्वातंत्र्याची ओढ ही विकृती ठरली आणि माणसाला विकत घेणारा निरोगी ठरला. पुढे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 1973 साली समलैंगिकता आपल्या विकारसूचीतून वगळली. जागतिक आरोग्य संघटनेला त्यासाठी 1990 पर्यंत वेळ लागला. रोगी म्हणविल्या गेलेल्या माणसांत त्या एका दिवसात काही बदल झाला नव्हता. बदलली होती ती व्याख्या.

म्हणून बहुसंख्यांचे वर्तन हा आरोग्याचा पुरावा होऊ शकत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1936 च्या आपल्या न झालेल्या भाषणात जात ही मनाची एक अवस्था आहे, असे प्रतिपादन केले. ही अवस्था आपल्या देशात इतकी सार्वत्रिक आहे, की संख्येच्या निकषावर ती पूर्णपणे 'सामान्य' ठरेल आणि ती नाकारणाराच 'अपसामान्य' ठरेल. एरिक फ्रॉम यांनी 1955 मध्ये सबंध समाजच विकृत असू शकतो, असा विचार मांडला, तो याच जातीचा आहे.

येथे एक मोह उत्पन्न होतो. मग जातीयवादी माणसालाच मनोरुग्ण का म्हणू नये? आपल्या व्याख्यानांतून असे शब्द सर्रास वापरले जातात आणि त्यांना टाळ्याही मिळतात. हा प्रयोग आम्हांस मान्य नाही. विनयपिटकातील शिक्षापदांच्या शेवटी उन्मत्त, क्षिप्तचित्त आणि वेदनेने व्याकूळ भिक्षूला आपत्ती लागत नाही, असा अपवाद सांगितला आहे. वेड्याला दोष नसतो. जातीय अत्याचार करणाऱ्याला वेडा म्हटले, तर विनयाच्याच न्यायाने आपण त्याला दोषमुक्त करतो. तो जाणूनबुजून, हिशेबाने आणि लाभासाठी अन्याय करतो. त्याचे स्थान रुग्णालयात नाही, न्यायालयात आहे. शिवाय 'वेडा' हा शब्द शिवी म्हणून वापरला, की त्याचा घाव लागतो तो आपल्याच वस्तीतील खऱ्या रुग्णाला आणि त्याच्या आईला.

आता संशोधनाकडे वळू. मनोविकारशास्त्राच्या विरोधकांना सर्वांत प्रिय असलेला पुरावा म्हणजे डेव्हिड रोझेनहान यांचा 1973 साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेला निबंध. त्यात सांगितले आहे, की 8 निरोगी व्यक्ती अमेरिकेतील 12 रुग्णालयांत गेल्या. आपल्याला आवाज ऐकू येतात, एवढीच तक्रार त्यांनी केली. सर्वांना दाखल करून घेण्यात आले आणि एक अपवाद वगळता प्रत्येक वेळी छिन्नमनस्कतेचे निदान झाले. दाखल झाल्यावर त्यांनी लक्षणे सांगणे बंद केले, तरी त्यांचा मुक्काम 7 ते 52 दिवसांचा, सरासरी 19 दिवसांचा झाला. सुटतानाही ते निरोगी ठरले नाहीत. रोग 'ओसरला' एवढीच नोंद झाली. एकदा चिकटलेली चिठ्ठी निघत नाही, हा या निबंधाचा निष्कर्ष.

हा निबंध जन्माची चिठ्ठी वागविणाऱ्या आपल्या वाचकाला लगेच पटतो. नेमके येथेच सावध राहिले पाहिजे. सुझाना कॅहालन या पत्रकार स्त्रीने 2019 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या प्रयोगाची कसून तपासणी केली. रोझेनहान यांच्या स्वतःच्या रुग्णालयीन नोंदी तिला मिळाल्या. निबंधात लिहिले त्याहून कितीतरी गंभीर लक्षणे, आत्महत्येच्या विचारांसह, त्यांनी डॉक्टरांना सांगितली होती. एका सहभागी व्यक्तीचा अनुभव रुग्णालयाविषयी अनुकूल होता, त्याची माहिती मुख्य निष्कर्षातून वगळण्यात आली. इतर बहुतेक सहभागींचा तर मागमूसही तिला लागला नाही. कॅहालन ही मनोविकारशास्त्राची भाट नव्हे. मेंदूच्या एका शारीरिक आजारात तिला स्वतःलाच आरंभी मनोरुग्ण ठरविण्यात आले होते.

कालामांना तथागतांनी दिलेला उपदेश आपण ब्राह्मणी ग्रंथांना लावतो. तो आपल्याला सोयीच्या वाटणाऱ्या संशोधनालाही लावला पाहिजे. एखादा निष्कर्ष आपल्या वेदनेशी जुळतो, म्हणून तो सिद्ध होत नाही. आणि रोझेनहान बाजूला ठेवले, तरी निदानाच्या सैलपणाचा पुरावा नाहीसा होत नाही. 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यूयॉर्क आणि लंडन येथील रुग्णांची एकाच पद्धतीने तपासणी करण्यात आली. न्यूयॉर्कचे डॉक्टर छिन्नमनस्कतेचे निदान फार अधिक प्रमाणात करीत होते, परंतु समान पद्धत वापरताच हा फरक बहुतांशी मावळला. म्हणजे फरक बव्हंशी रुग्णांत नव्हता, निदान करणाऱ्यांत होता. हे काम प्रामाणिक होते आणि त्याची फळेही मिळाली. 1980 साली रॉबर्ट स्पिट्झर यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकन विकारसूचीची तिसरी आवृत्ती निघाली, तीत प्रत्येक विकाराची लक्षणे आणि कालावधी नेमका सांगण्याचा प्रयत्न झाला. तथापि दोन डॉक्टरांचे एकमत होणे आणि ते निदान सत्य असणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. कार्टराइटच्या काळी दोन मळेवाल्यांचेही एकमत झालेच असते.

मग वेडाची व्याख्या कशी करावी? या संदर्भात विनयपिटकातील गग्ग भिक्षूच्या कथेकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. गग्ग हा उन्मत्त होता. त्याला उपोसथाची कधी आठवण राही, कधी राहत नसे. तो कधी येई, कधी येत नसे. महावग्गात सांगितले आहे, की अशा भिक्षूसाठी संघाने 'उन्मत्तक-सम्मुती' द्यावी. गग्ग येवो वा न येवो, त्याला आठवो वा न आठवो, संघाचे कार्य अडणार नाही आणि त्यालाही दोष लागणार नाही. येथे निकष कोणता आहे, हे पाहावे. गग्गाचे कुळ, मत किंवा बंडखोरी तपासलेली नाही. त्याची स्मृती आणि कर्तव्य पार पाडण्याची क्षमता तपासली आहे. निर्णय एका व्यक्तीच्या मर्जीवर सोडलेला नाही. तो संघासमोर ज्ञप्ती मांडून घ्यावयाचा आहे. आणि त्याचा परिणाम बहिष्कार नव्हे, सवलत आहे.

चुल्लवग्गात या कथेचा उत्तरार्ध येतो. गग्ग बरा झाल्यावरही इतर भिक्षू उन्मादात घडलेल्या गोष्टींवरून त्याला छेडीत राहिले. आपण तेव्हा वेडे होतो, आपल्याला आठवत नाही, हे त्याने सांगूनही छळ थांबेना. तेव्हा तथागतांनी 'अमूळ्ह-विनया'ची अनुज्ञा दिली. बरा झालेल्या भिक्षूने तीनदा याचना करावी आणि संघाने विधिपूर्वक निवाडा द्यावा, की हा आता मूढ नाही. वेडाचे सोंग घेणाऱ्याला मात्र हा निवाडा मिळत नाही. चिकटलेली चिठ्ठी काढण्याचा हा विधी आहे. विनयाची मर्यादाही येथे लपवू नये. अपस्माराच्या रुग्णाला प्रव्रज्या मिळत नसे, आणि आजच्या ज्ञानाच्या प्रकाशात त्या नियमाचे समर्थन करण्याची आम्हांस गरज वाटत नाही.

भारताच्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने, जो 2017 साली संमत झाला आणि 29 मे 2018 पासून अमलात आला, हीच दोन तत्त्वे मान्य केली आहेत. त्याच्या कलम 3 नुसार व्यक्तीचा सामाजिक दर्जा, धार्मिक वा सांस्कृतिक गट, किंवा समाजात रूढ असलेल्या नैतिक, राजकीय वा धार्मिक मूल्यांशी तिचे न जुळणे, यावरून मानसिक आजार ठरविता येत नाही. पूर्वी उपचार झाले होते, एवढ्यावरून आज ती व्यक्ती आजारी आहे, असेही म्हणता येत नाही. जातीबाहेर विवाह करू पाहणाऱ्या मुलीला 'डोके फिरले' म्हणून दाखल करू पाहणाऱ्या पालकांना हे कलम दाखविले पाहिजे. आपल्या वकील बंधुभगिनींनी ते पाठ करावे, इतके ते महत्त्वाचे आहे.

व्याख्येचा सर्वांत नाजूक प्रश्न शोकाचा आहे. मृत बालकाला कडेवर घेऊन दारोदार औषध मागणारी किसा गोतमी आजारी होती काय? अमेरिकन सूचीत पूर्वी प्रियजनाच्या मृत्यूनंतरच्या काळात नैराश्याचे निदान करू नये, असा अपवाद होता. 2013 च्या आवृत्तीतून तो वगळला. 2022 च्या सुधारित आवृत्तीत तर प्रौढांमध्ये 12 महिन्यांनंतरही तीव्रतेने टिकणाऱ्या शोकाला स्वतंत्र विकाराचे स्थान मिळाले. किती दिवस रडावे, हे सूचीने ठरवावे काय, असा आक्षेप अनेक तज्ज्ञांनी घेतला आणि तो गंभीर आहे. तथागतांनी गोतमीला नाव दिले नाही, दोषही दिला नाही. तिला घरोघर पाठविले. तिच्या दुःखाला इतरांच्या दुःखाची ओळख घडली, तेव्हा तिने बालकाचा देह खाली ठेवला. पण तिच्याकडे दुर्लक्षही झाले नाही, हे तितकेच ध्यानात घ्यावे. लोकांनी तिला वेडी म्हणून सोडून दिले होते, उपाय तथागतांनी योजिला.

याच ठिकाणी दुसऱ्या मताचा समाचार घेणे प्राप्त आहे. अंगुत्तरनिकायाच्या चतुक्कनिपातात शारीरिक आणि मानसिक असे दोन रोग सांगितले आहेत. शरीराने वर्षानुवर्षे निरोगी असणारे आढळतात, पण क्षणभरही मनाने निरोगी असणारे क्षीणास्रवांवाचून दुर्लभ, असे तेथे म्हटले आहे. या सुत्ताचा आधार घेऊन, सारेच रोगी आहेत तर या एका मुलाला डॉक्टरकडे कशाला न्यावयाचे, असे म्हणणारे उपासक आम्हांला भेटले आहेत. हा तर्क सदोष आहे. लोभ, द्वेष आणि मोह हे सर्व पृथग्जनांना समान आहेत. म्हणूनच त्यांच्यावरून एकाला उन्मत्त आणि दुसऱ्याला अनुन्मत्त ठरविता येत नाही. विनयाने मात्र तो भेद केला आहे. सगळेच गग्ग असते, तर सम्मुतीची गरजच उरली नसती. सुत्ताचा रोग आणि विनयाचा रोग हे दोन वेगळे विषय आहेत, आणि त्यांची सरमिसळ करणारा बुद्धवचनालाही न्याय देत नाही आणि रुग्णालाही नाही.

या सरमिसळीची किंमत मोठी आहे. 2015–16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात प्रौढांपैकी सुमारे 10.6 टक्के व्यक्तींना त्या वेळी मानसिक विकार असल्याचे आढळले. विकारागणिक 70 ते 92 टक्के रुग्णांना योग्य उपचार मिळत नव्हते. हे सर्वेक्षण 12 राज्यांत झाले, त्यांत महाराष्ट्र नव्हता. आवाज ऐकू येणाऱ्या किंवा जीव द्यावासा वाटणाऱ्या तरुणाला दीर्घ मौन-शिबिरात बसविणे म्हणजे हाड मोडलेल्याला धावावयास सांगणे होय. औषध घेतल्याने शील भंगत नाही. भैषज्य हे भिक्षूच्या चार प्रत्ययांपैकी एक आहे, हे तरी स्मरावे.

परंतु औषधाबरोबर प्रश्नही विचारला पाहिजे. वसतिगृहात जातीवरून अपमानित होऊन खचलेल्या विद्यार्थ्याच्या कागदावर केवळ 'नैराश्य' असे लिहिले, तर अर्धेच निदान झाले. दुःखाचे अस्तित्व आणि त्याचे कारण, दोन्ही पाहावयास आपल्याला शिकविले आहे. बाबासाहेबांनी माणसाने माणसावर केलेल्या अन्यायालाही दुःखाच्या कारणांत स्थान दिले. म्हणून मनोविकाराचे संशोधन करणाऱ्याने मेंदूबरोबर वस्तीही तपासावी, आणि वस्तीतील कार्यकर्त्याने घोषणेबरोबर रुग्णाची नाडीही पाहावी. आपल्या विहारांनी या कामी एवढे तरी करावे: वेळेवर डॉक्टरकडे नेणारा एक माणूस नेमावा, आणि बरा होऊन परतणाऱ्या प्रत्येक गग्गासाठी अमूळ्ह-विनयाचा निवाडा तयार ठेवावा. त्याच्या मागील आयुष्याची आठवण करून देण्याचा अधिकार मग कोणालाच उरणार नाही.